एका दिवसात वाई, महाबळेश्वर, प्रतापगड : गाडी, गाईड आणि आत्याचे गुडघे

भातुकली (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. इंदूरहून माझी आत्या आणि आतोबा लग्नाला पुण्यात येतायत. रविवारी लग्न, सोमवारी पूजा, बुधवारी रात्री परतीची गाडी. म्हणजे मंगळवार अख्खा मोकळा. आतोबा चौऱ्याहत्तरचे, इतिहासाचं वेड. आत्या एकोणसत्तरची, उजवा गुडघा कुरकुरतो, पण "मला गाडीत बसवून ठेवू नका" असा दम आधीच देऊन ठेवलाय.

एका सहलवाल्याकडून "खाजगी गाडी, खाजगी गाईड" असा कार्यक्रम आलाय. सकाळी सहाला पुणे सोडायचं, मग ढोल्या गणपती, मेणवली, पाचगणी टेबललँड, वेण्णा लेक, जुनं महाबळेश्वर, "तीन प्रमुख पॉइंट", प्रतापगड आणि रात्री नऊला घरी. हे एका दिवसात होतं का? आणि वेगळा गाईड घेणं पैसे वसूल आहे का? मी स्वतः शाळेच्या सहलीनंतर तिकडे फिरकलेली नाही, त्यामुळे माझ्या भरवशावर काही नाही.

चहाटळ
रात्री नऊला घरी, पण कुठल्या दिवशीच्या ते लिहून घ्या.

घाटमाथा
होतं, पण ते बघणं नव्हे, हजेरी लावणं. पुणे ते वाई ८८ किमी, वाई ते पाचगणी १२, पुढे महाबळेश्वर आणखी वीसेक, तिथून प्रतापगड वीस-पंचवीस. जाऊन येऊन तीनशेच्या आसपास. आकडा बघून वाटतं, त्यात काय एवढं. पण वाई सोडली की सगळा घाट. वाईच्या अलीकडे खंबाटकी, पलीकडे पसरणी, आंबेनळी, आणि संध्याकाळी हेच सगळं उलट्या क्रमानं. फक्त खंबाटकी येताना बोगद्यातून, तेवढीच सुटका. चाकांवरच सात-आठ तास जातात. उरलेल्या सात तासांत नऊ ठिकाणं, त्यात एक गड. आत्याबाईंना गाडीत बसवायचं नसेल तर हाच कार्यक्रम सगळ्यात जास्त बसवणारा आहे.

महाबळेश्वर काढून टाका. उरलेलं निवांत होईल.

लोणीस्कर्ट
महाबळेश्वर काढा??? जानेवारीत? स्ट्रॉबेरीच्या ऐन हंगामात? घाटमाथा, तुमचं हृदय बेसाल्टचं आहे.

घाटमाथा
वर जांभा आहे. बेसाल्ट खाली.

मीठभाकर
आमचा अनुभव लिहिते, म्हणजे फसायचं नाही. दोन वर्षांपूर्वी सासू-सासऱ्यांना घेऊन अशाच "गाईडसह" सहलीला गेलो होतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. गाडी आली, ड्रायव्हर उतरला, म्हणाला, "मीच गाईड." बरं, म्हटलं. ढोल्या गणपतीपाशी गाडी लावली, दरवाजा उघडला आणि बोट दाखवून म्हणाला, "हा गणपती." संपलं. मेणवलीला म्हणाला, "इथे शूटिंग होतं." प्रतापगडाला म्हणाला, "तुम्ही जाऊन या, मी इथेच आहे."

माणूस वाईट नव्हता. गाडी फार छान चालवली, सासऱ्यांना मळमळल्यावर त्यानंच आवळा सुपारी काढून दिली. पण आम्ही दोघांचे पैसे मोजले होते. तेव्हा आधी एकच विचारा : गाडीत ड्रायव्हर धरून माणसं किती?

चहाटळ
"हा गणपती." चुकीचं काहीच सांगितलं नाही की त्यानं!

सरळवळण
गाडीच्या हिशेबाचं बोलतो. पुण्यातून बाहेरगावी गाडी घेतली की बहुतेक ठिकाणी दिवसाला तीनशे किमीचे पैसे धरतातच, कमी फिरलात तरी. त्यामुळे प्रतापगड गाळून गाडीचे पैसे वाचत नाहीत. टोल, पार्किंग, ड्रायव्हर भत्ता आणि महाबळेश्वरच्या नाक्यावरचा प्रवेशकर "पॅकेजमध्ये" आहेत का ते लेखी घ्या. व्हॉट्सॲपवर घेतलंत तरी चालेल, तोंडी नको. आणि किलोमीटर गॅरेजपासून मोजतात की तुमच्या दारापासून, हेही विचारा. भांडणं तिथेच होतात.

सातारी_तर्रा
काय राव, वाईला सगळे नाश्त्याला थांबल्यासारखं थांबता. अर्धा तास, एक फोटो, चला वर. आवो, वाईलाच एक दिवस पुरत नाही.

ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ सालचं, गणपतराव रास्त्यांनी बांधलेलं. सगळे समोरून नमस्कार करतात न् निघतात. मागं जाऊन बघा. गाभाऱ्याची मागची भिंत माशाच्या आकाराची हाय. कृष्णामाईला पूर आला की पाणी त्या टोकावर फाटून दोन्हीकडून निघून जावं म्हणून. बांधणारा नदीला वळखून होता. हे न सांगणारा गाईड असंल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

शेजारी काशीविश्वेश्वर, नंदी बघण्यासारखा. वेळ असंल तर धोम. तिथं नंदी कासवाच्या पाठीवर बसलाय. आतोबांना आवडंल.

भातुकली
माशाचं माहीत नव्हतं! आतोबांना फोनवर सांगितलं, आता ते रोज एक प्रश्न पाठवतायत. आजचा प्रश्न : विश्वकोशाचं कार्यालय वाईतच आहे ना, ते बाहेरून तरी दिसेल का? त्यांच्या घरी विश्वकोशाचे खंड आहेत, विश्वकोशाचे संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्याबद्दल ते फार आदरानं बोलतात.

सातारी_तर्रा
वाईतच. दिसंल की. बाहेरून फोटो काढा.

नकाशेबाज
गाईड कशाला हवा हेच कळत नाही. मोबाईल आहे, सगळं ऐकायला मिळतं. मागे एका गडावर गाईडनं अर्धा तास भुयाराची गोष्ट सांगितली. इथून थेट अमुक किल्ल्यावर निघतं म्हणे. मधे दोन नद्या आणि एक डोंगररांग आहे हो! प्रत्येक किल्ल्यावर भुयार, प्रत्येक तळ्यात सोनं. पैसे देऊन हे ऐकायचं?

कानगोष्ट
नकाशेबाज, अर्धं पटलं. पण मोबाईलला उलट प्रश्न विचारता येत नाही, आणि ज्येष्ठांना कानात इअरफोन घालून फिरणं नकोसं होतं. माझ्या वडिलांना गाईडशी वाद घालता आला म्हणूनच त्यांचा दिवस छान गेला.

भुयार आणि सोन्याचं मात्र +१.

दप्तरखाना
गाईडच्या गोष्टींचा विषय निघालाच आहे तर मेणवलीच्या घंटेचं सांगतो.

मेणवलीला नाना फडणवीसांनी बांधलेल्या नदीच्या घाटावर जी मोठी घंटा टांगलेली आहे, ती पोर्तुगीज चर्चची. तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. नीट उजेड असला तर दिसते. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तेव्हाच्या लुटीतली ही घंटा. इथवर ठीक.

पण तिथे हमखास ऐकू येतं की "चिमाजीअप्पांनी ही घंटा नानांना भेट दिली." चिमाजीअप्पा गेले डिसेंबर १७४० मध्ये. नाना फडणवीस जन्मले फेब्रुवारी १७४२ मध्ये. आता भेट कशी दिली ते गाईडलाच विचारा. आणि मेणवली गाव नानांना मिळालं १७६८ साली, औंधच्या प्रतिनिधींकडून आणि साताऱ्याच्या मंत्र्यांकडून. वाडा आणि घाट त्यानंतरचे. म्हणजे वसई पडल्यावर ही घंटा जवळजवळ तीस वर्षं तरी दुसरीकडे कुठे तरी होती. मला तर घंटेपेक्षा त्या तीस वर्षांचं कुतूहल जास्त आहे.

गाईड चांगला की नाही हे ओळखायची ही माझी चाचणी. "नानांना कोणी दिली?" म्हणून विचारायचं. "चिमाजीअप्पांनी" म्हणाला की पुढचं सगळं मिठाच्या चिमटीसह ऐकायचं. गप्प बसला किंवा "पेशव्यांकडून आली असणार" म्हणाला तर माणूस विचार करणारा आहे.

चहाटळ
दप्तरखाना, तुम्ही सहलीला जाता की तोंडी परीक्षा घ्यायला?

दप्तरखाना
दोन्ही एकाच तिकिटात होतं.

पायरीवर
मी याच पट्ट्यात लोकांना फिरवतो. जाहिरात करायची नाही म्हणून गाव सांगत नाही. वरची घंटेची चाचणी वाचून घाम फुटला, कारण पहिली तीन वर्षं मीही "चिमाजीअप्पांनी" असंच सांगायचो. एका निवृत्त बाईंनी तारखा काढून दाखवल्या, तेव्हा थांबलो.

आमची बाजूही ऐका. गावाची गोष्ट सांगायला एका जागी निदान वीस मिनिटं उभं राहावं लागतं. यादीत आठ ठिकाणं असली की मी तरी काय सांगणार? पाहुणे उतरतात, फोटो काढतात, घड्याळ बघतात. मग आम्हीही चटपटीत गोष्टी सांगायला शिकतो : भुयार, सोनं, अफझलखानाची उंची. जेवायला कुठे थांबायचं हे पुष्कळदा ड्रायव्हर ठरवतो, कारण तिथे त्याचं जेवण फुकट असतं. त्यात पाप काही नाही, फक्त तुम्हाला ठाऊक असावं.

माझा सल्ला : पॉइंट बघायला गाईड लागत नाही, दरी दिसतेच. गाईड घ्या वाई-मेणवलीसाठी आणि प्रतापगडासाठी. गडाच्या पायथ्याशी स्थानिक माणसं मिळतात, त्यांना गड पाठ असतो. वाईत मात्र देवळासमोर असं कोणी उभं असलेलं मला तरी दिसलेलं नाही, तिथला माणूस आधीच ठरवावा लागतो.

घाटमाथा
पायरीवर यांना अनुमोदन. शिवाय वाई आणि प्रतापगड ही दोन वेगळी ठिकाणं म्हणून बघूच नका, ती एकच गोष्ट आहे. अफझलखान आधी वाईचाच सुभेदार होता, मुलूख त्याच्या ओळखीचा. १६५९ ला त्याची छावणी वाईलाच पडली. तिथून त्याला जावळीत खाली ओढायचं हाच सगळा डाव होता. महाराजांचे वकील पंताजी गोपीनाथ वाईला त्याच्याकडे गेले, खानाकडून कृष्णाजी भास्कर आले, आणि शेवटी खान रडतोंडीच्या घाटानं पार गावाकडे उतरला. हत्ती, सामान, लवाजमा घेऊन त्या वाटेनं उतरणं म्हणजे काय, ते नावातच आहे. १० नोव्हेंबरला भेट झाली.

तुम्ही सकाळी वाईत उभे राहता आणि दुपारी प्रतापगडाच्या बुरुजावरून खाली जावळीचं रान बघता, तेव्हा तेच अंतर कापलेलं असतं. मधे वेण्णा लेकवर मक्याचं कणीस खाल्लंत तर धागा तुटतो. (वेण्णा लेक साताऱ्याच्या राजांनी १८४२ साली बांधलं. वाईट नाही. पण त्या दिवशी नको.)

लोणीस्कर्ट
कणसाचा अपमान सहन केला जाणार नाही.

मीठभाकर
पार गावातला तो जुना दगडी पूल कोणी पाहिलाय का? शिवकाळातला म्हणतात. त्या वेळी ड्रायव्हर "रस्त्यात नाही" म्हणाला.

घाटमाथा
पाहिलाय. कोयनेवर आहे, अजून भक्कम. रस्त्यात नाही हे खरं, थोडी वाट वाकडी करावी लागते. एका दिवसात नका घालू.

जुनाखेळाडू
प्रतापगडावरून आठवलं. महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण नेहरूंच्या हस्ते झालं ते १९५७ साली. संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलेलं. समितीनं तिथे निदर्शनं केली, आणि माझे वडील वाईच्या बाजूनं त्यात गेले होते. घरून भाकऱ्या बांधून. ते सांगायचे की पंडितजींची गाडी दिसली किती क्षण, तर डोळे मिटून उघडेपर्यंत. पण दोन दिवस पाय दुखले ते पुढे वर्षभर सांगायला पुरले. गडापेक्षा पुतळ्याविषयी ते जास्त बोलत.

अवांतर आहे, माफ करा.

कानगोष्ट
असलं अवांतर हवंच, काका. अजून लिहा.

हिरवीकाच
सगळे एका सुरात "कमी बघा, निवांत बघा" म्हणतायत म्हणून थोडा विरोध करते. आईला घेऊन मी सगळंच्या सगळं एका दिवसात केलं होतं. वाई, पाचगणी, महाबळेश्वर, क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेचं देऊळ, प्रतापगड. रात्री साडेदहाला घरी. दमलो? मेलो. पण आई आयुष्यभर शेत आणि घर सोडून कुठे गेली नव्हती. तिला पाचही नद्या एका ठिकाणी बघायच्या होत्या : कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री, सावित्री. देवळात ती धार हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली, मागच्या बाईनं "चला पुढे" म्हणेपर्यंत. गडावर ती फक्त भवानीमातेपर्यंत आली. गावी परतल्यावर तिनं शेजारणींना सगळ्या जागांची नावं ओळीनं सांगितली. तिला यादीच हवी होती. सगळ्यांना वीस मिनिटं उभं राहून इतिहास नको असतो.

तेव्हा आधी आत्यांना विचारा. आतोबांचंच चाललंय सगळं.

भातुकली
हिरवीकाच, हे अगदी खरं. विचारलं. आत्या म्हणाली, "मला भवानीचं दर्शन हवं आणि कुठेतरी पाय पसरून गरम भाकरी. बाकी तुमचं तुम्ही बघा." महाबळेश्वर तिनं लग्नानंतर पाहिलंय म्हणे. त्यावर आतोबा गप्प. काय झालं होतं ते कोणीच सांगत नाही.

गुडघ्याचं मात्र सांगा. पायऱ्या किती आहेत?

पायरीवर
गाडी बरीच वरपर्यंत जाते. पायऱ्या आहेत, आणि उंची एकसारखी नाही, हाच गुडघ्यांना त्रास. भवानीमातेचं देऊळ खालच्या गडावर आहे, १६६१ सालचं. तिथपर्यंत आत्या सावकाश येतील. पुढे बालेकिल्ल्यापर्यंत पुन्हा चढ, तो त्यांनी सोडला तरी चालेल. वाटेत घराघरांतून ताक, पिठलं-भाकरी मिळते, बसायलाही जागा असते. काठी न्याच. चढताना नाही, उतरताना लागते.

सरळवळण
आंबेनळीत वळणं फार. मागे बसणाऱ्यांनी पोटभर मिसळ खाऊन येऊ नये, ही ड्रायव्हरच्या वतीनं विनंती. आणि पावसाळ्यात हा बेत करू नका, दरडी येतात. जानेवारी उत्तम, फक्त सहाला खंबाटकीत धुकं असेल तर घाई करू नका.

चहाटळ
इंदूरची माणसं आणि नाश्ता कमी? पोहे-जिलेबी डिक्कीत घेऊनच निघतील.

नकाशेबाज
जाता जाता सांगतो, जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले त्यात प्रतापगड आहे. रायगड, राजगड, शिवनेरी वगैरेंबरोबर, आणि तमिळनाडूतला जिंजीही. तेव्हा गर्दी धरून चला. मंगळवार आहे ते बरं.

भातुकली
(बुधवार, रात्री) मंडळी, जाऊन आलो. आत्ताच त्यांना स्टेशनवर सोडून आले.

महाबळेश्वर गाळलं, पॅकेजही गाळलं. गाडी वेगळी केली, वाईसाठी ओळखीतून एक निवृत्त शिक्षक मिळाले आणि गडावर तिथलाच एक मुलगा घेतला. सव्वासहाला निघालो, खंबाटकीत धुकं होतंच. वाईला साडेआठ.

सर आम्हाला देवळासमोर न थांबवता थेट मागे घेऊन गेले. पाणी कमी होतं, त्यामुळे माशाचं टोक स्पष्ट दिसलं. आत्यानं हात लावून बघितलं, म्हणाली, दगड अजून गार आहे.

मेणवलीला मी दप्तरखान्यांची चाचणी घ्यायच्या तयारीत होते. सरांनी घंटा दाखवली, १७०७ वाचून दाखवलं, मेरी दाखवली आणि म्हणाले, "वसईहून आली." मी विचारलं, "नानांना कोणी दिली?" सर माझ्याकडे बघून हसले. "तुम्ही वाचून आलेल्या दिसता. मला माहीत नाही." शंभरपैकी शंभर!

पण पेपर आतोबांनी फोडला. वसईच्या मोहिमेत मल्हारराव होळकरही होते, म्हणजे ही घंटा आणण्यात इंदूरचा वाटा आहे, असं त्यांनी जाहीर केलं. सर म्हणाले, "बरोबर आहे, शिंदेही होते." मग दोघंही घाटाच्या पायरीवर जे बसले ते पाऊण तास उठले नाहीत. आत्या खाली पाण्यात पाय सोडून बसली. मला कोणीच काही विचारलं नाही. विश्वकोशाच्या दारात आतोबांचा फोटो झाला, दोन्ही हात खिशात, अगदी गंभीर.

गडावर भवानीमातेपर्यंत आत्या काठी टेकत आली. दर्शन झाल्यावर एका घराच्या ओसरीवर तिला भाकरी, पिठलं, ठेचा मिळाला. आतोबा आणि तो मुलगा बालेकिल्ल्यावर. मुलगा बडबड्या, खानाची उंची दर पाच मिनिटांनी वाढत होती. मी खाली-वर करत होते. तासाभरानं ओसरीवर आले तर आत्या त्या घरातल्या वहिनींबरोबर शेंगा सोलत बसलेली. त्यांच्या सासूबाईंचा गुडघा, सुनेचं बाळंतपण, गडावर पाणी कसं येतं, सगळं तिला ठाऊक झालेलं. आतोबांपेक्षा जास्त माहिती तीच घेऊन आली.

रात्री सव्वानऊला घरी. चहाटळ, त्याच दिवशीच्या.

दप्तरखाना
"मला माहीत नाही" म्हणणाऱ्या त्या सरांना माझा नमस्कार कळवा.

लोणीस्कर्ट
स्ट्रॉबेरी?

भातुकली
पाचगणीत रस्त्यावर दोन खोकी घेतली. एक घरी पोचलं.

हिरवीकाच
आणि महाबळेश्वरला लग्नानंतर काय झालं होतं?

भातुकली
परतताना पसरणी घाटात विचारलं. आत्या म्हणाली, "ह्यांनी घोड्यावर बसवलं आणि स्वतः इतिहास सांगत पुढे निघून गेले." आतोबा खिडकीबाहेर बघत होते.

आत्ताच गाडीतून त्यांचा निरोप आलाय : "पुढच्या खेपेला रडतोंडीच्या वाटेनं उतरायचं आहे. कोणी नेणारा आहे का, तुझ्या त्या लोकांना विचार."

सातारी_तर्रा
नेतो की. पण आत्याबाई काय म्हणतात?

भातुकली
त्या म्हणतात, "खुशाल न्या. मी ओसरीवर आहे."